बिबट्या उतरवणारा तारिमो

अमिनिएल तारिमो गाडी घेऊन झाडाखाली आला की झाडावरचा बिबट्या खाली उतरतो आणि गवतात दिसेनासा होतो, हे सेरेंगेटीत सगळ्यांना ठाऊक होतं. गेटावरच्या कारकुनाला ठाऊक होतं, तंबूंच्या मैदानावर पाणी भरणाऱ्या बाईला ठाऊक होतं. अरुशाहून पाहुणे घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांना तर ते स्वतःच्या गाडीच्या नंबराइतकं पाठ होतं. बिबट्यांना ठाऊक होतं की नाही, हे मात्र कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

तारिमो उंच आणि खांद्यांतून जरा पुढे झुकलेला. सतत कुणाला तरी दार उघडून देत असल्यासारखा. किलिमांजारोच्या उगवतीच्या उतारावर, रोंबोत, केळीच्या बागेत तो वाढला. तिथलं सगळ्यात हिंस्र जनावर म्हणजे शेजाऱ्यांचा बोकड. याने पाद्री व्हावं, नाहीतर खिळे-पत्र्यांचं दुकान टाकावं, अशी त्याच्या वडिलांची इच्छा होती. त्यांच्या चग्गा जमातीच्या घरात दोन्ही गोष्टी सारख्याच मानाच्या. तो ड्रायव्हर झाला. आयुष्यातला पहिला सिंह त्याने पाहुण्यांच्या सोबतीनेच पाहिला. त्या वेळी त्याने गाडीच्या सगळ्या काचा वर केल्या आणि शांत आवाजात सांगितलं, "हा सिंह. आता आपण जेवायला जाऊ." तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते.

पुढे तो सरावला. सरावला म्हणण्यापेक्षा अडकला. पहाटे बाकीच्या गाड्यांची इंजिनं सुरू होण्याआधी तो काचा पुसत उभा राहायचा. गवतावर दव असायचं, लांब कुठेतरी झेब्रे खोकल्यासारखे भुंकायचे, आणि क्षितिजाकडची रेघ हळूहळू फिकी व्हायची. अशा वेळी त्याला वाटायचं, आपल्याला कुणीतरी विश्वासाने घरात घेतलंय. हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. बोलला असता तर सिफुएलीने त्याचं काय केलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

सिफुएली मसांगी हा त्याच्या गाडीचा आचारी. बुटका, गोल, पारे डोंगरातला. आणि चग्गा-पारे यांच्यात थट्टेचं नातं, पणजोबांच्याही आधीपासूनचं. चग्ग्याने पारे माणसाला काहीही म्हणावं, पारे माणसाने चग्ग्याला काहीही म्हणावं, मयताच्या घरीसुद्धा. चग्गा पैशावर टपलेला आणि पारे कोर्टकज्जांचा हौशी, हे थट्टेचं जुनं भांडवल. ज्याला राग आला तो हरला, आणि हरलेल्याने बोकड कापून जेवण घालायचं. थट्टेचा खुलासा करत बसणं तर रागावण्यापेक्षा लाजिरवाणं. थट्टेला उत्तर थट्टेनेच द्यायचं, तेही लगेच.

अडचण अशी, की तारिमोला लगेच काही सुचायचं नाही. गोरोंगोरोच्या चढावर केलेल्या थट्टेचं उत्तर त्याला मान्याराच्या तळ्याशी सुचायचं. तोवर सिफुएली झोपलेला असायचा.

बिबट्याचं सगळं प्रकरण याच नात्यातून निघालं. काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या झाडावर एक बिबट्या दिसला होता. तारिमोची गाडी सगळ्यांच्या शेवटी पोचली, आणि ती थांबते न थांबते तोच बिबट्या उठला, उतरला, गेला. बिबटे उतरतातच, झाडावर त्यांचं काही कायमचं बिऱ्हाड नसतं. पण त्या दिवशी मुक्काम हलवायचा होता, म्हणून सिफुएली पुढच्या सीटवर अंड्यांचे ट्रे मांडीवर घेऊन बसला होता. त्याने वायरलेसचा माइक उचलला आणि गाड्यागाड्यांत ऐकू जाईल असं म्हणाला, "भावांनो, ठिपकेवाला गेला. चग्गा येताना दिसला, त्याला वाटलं झाडाचं भाडं मागायला आलाय."

सगळं रान हसलं. तारिमोही हसला, हसायलाच हवं होतं. पण पुढच्या खेपेला पुन्हा तसंच झालं. त्याच्या पुढच्या खेपेला बिबट्या दिसलाच नाही, आणि तेही त्याच्याच खात्यावर जमा झालं. चग्गा-पारे नात्याशी ज्यांचा काही संबंध नव्हता त्या इराकू, मासाई, मेरू ड्रायव्हरांनी थट्टा खरी धरली. बघता बघता तारिमो अपशकुनी ठरला. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर थट्टा लागली असं झालं असतं, आणि सिफुएलीने त्याच दिवशी बोकड पसंत करायला घेतला असता.

"तूच पसरवलंस हे," तारिमो एकदा भाजी चिरताना त्याला म्हणाला.

"मी बी टाकलं. उगवलं ते तुझ्या कर्तबगारीनं."

"तुम्हा पारे लोकांना कोर्टात खेचायला हवं."

"खेच की. आमच्याकडे त्याला करमणूक म्हणतात. आमच्या आजोबांनी एका कोंबडीच्या दाव्यापायी दोन गाई विकल्या होत्या."

"शहाणा माणूस."

"जिंकले ते शेवटी," सिफुएली म्हणाला आणि कांदा त्याच्याकडे सरकवला.

मांकाची आई तारिमोची मालकीण; तिकडे बाईला लेकराच्या नावानेच ओळखतात. अरुशात बाजाराच्या मागे तिचं ऑफिस होतं, आणि रानात जाणाऱ्या मोजक्या गाड्या. शिवाय एक पांढरी व्हॅन, जी विमानतळावरून पाहुणे आणायची. त्या जुलैत तिने तारिमोला बोलावून समोर बसवलं, चहा दिला. तिने चहा दिला की माणसं घाबरत.

"तारिमोभाऊ, तुमची लागोपाठची पाहुणे मंडळी बिबट्या न बघता परत गेली. इंटरनेटवर काय लिहितात वाचलंत? सूप उत्तम. तंबू स्वच्छ. ड्रायव्हर सभ्य." तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. "सभ्य ड्रायव्हर बघायला कुणी समुद्र ओलांडून येत नाही."

"बिबट्या माझ्या हातात नसतो, मांकाची आई."

"माझ्याही नाही. पण व्हॅन माझ्या हातात आहे. परवा फिनलंडच्या दोन बहिणी येतायत. त्यांना बिबट्याच बघायचाय. दिसला तर ठीक. नाही दिसला, तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही व्हॅन घ्या. आत्ता व्हॅन चालवणारा जस्टो तुमच्या जागी सेरेंगेटीला जाईल."

व्हॅन म्हणजे विमानतळाच्या दारात नावाची पाटी छातीशी धरून उभं राहणं. रस्त्यात दिसणार गाई, आणि फार तर एखादं गाढव. मोहल्ल्यात, चर्चमध्ये लोक तारिमोला 'सेरेंगेटी' म्हणून हाक मारायचे; त्याच्या बायकोलाही 'सेरेंगेटीवाल्या वहिनी' म्हणायचे. त्याने घरी जाऊन सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती.

"म्हणजे तुम्ही रोज रात्री घरी जेवायला याल," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आनंद होता की काळजी, हे त्याला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही.

फिनलंडच्या बहिणी म्हणजे हेल्वी आणि ऐला. दोघींचे केस पांढरे आणि आखूड, दोघींच्या गळ्यात दुर्बिणी. दोघी बोलायच्या नाहीत. सकाळी गाडीत बसताना मान हलवायच्या, संध्याकाळी उतरताना मान हलवायच्या. हत्तींचा कळप रस्ता ओलांडून गेला, काही नाही. जिराफ गाडीत डोकावलं, काही नाही. तारिमोने आरशातून त्यांचे चेहरे वाचायचा प्रयत्न केला. बंद दुकानाची पाटी वाचल्यासारखं वाटलं.

सेरेंगेटीत पहिल्याच दिवशी सिंहांचं एक कुटुंब दिसलं. त्याच्याभोवती गाड्यांचा बाजार भरला होता. कुणी पुढे घुसत होतं, कुणी मागे घेत होतं, धुळीत डिझेलचा वास मिसळला होता. एका गाडीच्या छपरातून एक माणूस फोनवर आपल्या घरच्यांना सिंह दाखवत होता आणि घरच्यांचा कुत्रा भुंकत होता. तारिमोने मोठ्या कसबाने गाडी पहिल्या रांगेत घातली. आता तरी या बोलतील, म्हणून मागे वळून पाहिलं. हेल्वीने दुर्बीण खाली ठेवली.

"आपण जाऊ या का?" ती म्हणाली.

तारिमोने गाडी उलटी घेतली. सिंहाला नाही म्हणणारी माणसं त्याने आजवर पाहिली नव्हती.

संध्याकाळी तंबूंच्या मैदानावरच्या सामायिक स्वयंपाकघरात सिफुएली भोपळ्याचं सूप ढवळत होता. दहा कंपन्यांचे आचारी दहा चुलींवर दहा भांडी ठेवून बसले होते, आणि खिडकीच्या जाळीपलीकडे एक माकड सगळ्यांचा हिशेब ठेवत होतं.

"नाराज आहेत त्या," तारिमो म्हणाला.

"नाराज नाहीत. सूप दोनदा घेतात."

"बोलत नाहीत."

"बोलण्यासारखं काय आहे तुझ्यात? चग्ग्याशी बोललं की तो जमीन विकायला काढतो, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं दिसतंय." मग त्याने तारिमोच्या तोंडाकडे पाहिलं आणि ढवळणं थांबवलं. "एवढं काय झालंय तुला?"

तारिमोने व्हॅनचं सांगितलं. सिफुएलीने ऐकून घेतलं. थट्टेचं नातं असलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं, याचा नियम त्याला माहीत नसावा. त्याने सुपात उगाचच आणखी मीठ टाकलं आणि म्हणाला, "उद्या वायरलेसवर विचार. बिबट्या कुठे आहे म्हणून."

तारिमोने दुसऱ्या दिवशी दिवसभर विचारलं. "भावांनो, ठिपकेवाला कुठे दिसला का?" असं तो म्हणाला की वायरलेसवर अशी शांतता पसरायची, की सगळ्या रानाने श्वास रोखून धरलाय असं वाटावं. पाच मिनिटांनी दुसऱ्या कुणी हेच विचारलं, की उत्तरांचा पाऊस. एकदा त्याने आवाज बदलून विचारलं. पास्काली नावाच्या इराकू ड्रायव्हरने लगेच उत्तर दिलं, "हो दादा, पाणघोड्यांच्या डोहापाशी आहे, उशीर करू नकोस." तारिमो तासभर गाडी हाणत डोहावर गेला. तिथे पाणघोडे होते. पाणघोडे तिथे नेहमीच असतात.

तिसऱ्या दिवशी मुक्काम हलवायचा होता. दुपारपर्यंत नाबीच्या गेटातून बाहेर पडायचं, म्हणजे सेरेंगेटी संपलं. तंबू छपरावर बांधले, सिफुएली अंड्यांचे ट्रे मांडीवर घेऊन पुढे बसला. तारिमोने वायरलेसवर काही विचारलं नाही. नदीकाठाने जाताना एका वळणावर त्याला लांबूनच गाड्या दिसल्या, एकाच झाडाकडे तोंड करून उभ्या. इतक्या गाड्या झाड बघायला थांबत नाहीत.

तो जवळ गेला. बाभळीच्या आडव्या फांदीवर बिबट्या पसरला होता. मादी होती. चारी पाय दोन्ही बाजूंनी सोडलेले, शेपूट खाली लोंबती.

गाड्यांत कुजबुज सुरू झाली. तारिमोची हिरवी गाडी सगळे ओळखत. पास्कालीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तारिमो, भावा, देवाची शपथ, माझे पाहुणे आत्ताच आलेत. थोडा लांब उभा राहा ना. त्या टेकाडामागे राहिलास तरी चालेल."

"टेकाडामागून काय दिसणार मला?"

"तुला दिसण्याचा प्रश्न नाही रे. तू तिला दिसायला नकोस."

त्याच्या पलीकडच्या गाडीतून लेकिशोन नावाचा मासाई ड्रायव्हर म्हणाला, "जाऊ दे पास्काली. आला आता. ती उतरणारच. ती गवतात गेली की आपण इथे बसून काय करणार? त्यापेक्षा पुलाकडे सिंह आहेत तिकडे चला." आणि त्याने इंजिन सुरू केलं.

बिबट्याने मान उचलली. तेवढं पुरलं. "बघ, निघाली," कुणीतरी म्हणालं. एक गाडी वळली, मग दुसरी, मग एकदम सगळ्या. आधी पोचलेला सिंहाजवळ जागा धरणार होता. पास्काली सगळ्यांत शेवटी गेला. जाताना त्याने तारिमोकडे रागाने नाही, कीव येऊन पाहिलं. तेच तारिमोला जास्त लागलं. धूळ उडाली, तरंगली, खाली बसली. रस्त्यावर एकटी हिरवी गाडी उरली.

आणि मादी उठली.

तिने पुढचे पाय ताणले, पाठ वाकवली, जांभई दिली. तारिमोने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांसमोर पांढरी व्हॅन उभी होती.

"उतरली?" त्याने विचारलं.

सिफुएली फांदीकडे बघत होता. त्याने अंड्यांचे ट्रे घट्ट धरले होते.

"सिफुएली, उतरली का?"

"कूस बदलली," सिफुएली हळूच म्हणाला. "तोंड तिकडे होतं, ते इकडे केलं. तुझ्याकडेच बघतेय."

तारिमोने डोळे उघडले. मादी पुन्हा फांदीवर पसरली होती. तिला या माणसाविषयी कुणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं. इंजिन बंद होतं. वाऱ्याने गवत एका बाजूला झुकत होतं आणि परत उभं राहत होतं. त्याचा आवाज इतका स्वच्छ येत होता, की तारिमोला वाटलं, हा आवाज आपण भर दिवसा कधी ऐकलाच नाही. मग झाडाच्या बुंध्याशी काहीतरी हललं. झुडपातून एक पिल्लू बाहेर आलं. मुठीएवढं डोकं, कानांपेक्षा डोळे मोठे. गाड्या होत्या तोवर ते लपून बसलं असणार. त्याने खोडाला पंजे लावले, थोडं चढलं, घसरलं, आजूबाजूला कुणी पाहिलं तर नाही ना असं बघितलं, आणि पुन्हा चढू लागलं.

मागे हेल्वीने ऐलाचा हात धरला होता. ऐलाच्या दुर्बिणीखालून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. पास्कालीचा आवाज. "तारिमो, उतरली ना?"

तारिमोने माइक उचलला. सिफुएलीने त्याच्या पुढे हात केला.

"दे इकडे," तो कुजबुजला. "मी सुरू केलं, मीच मिटवतो. सांगतो सगळ्यांना, उतरली नाही, वर तिचं पोरगंही येतंय. डागच जाईल तुझा. व्हॅन नको, काही नको."

"आणि मग ते सगळे परत येतील."

"येऊ देत. येऊन बघू देत की."

तारिमोने माइक सोडला नाही. एका शब्दात सगळं धुऊन निघणार होतं. गेटावरचा कारकून, पाणी भरणारी बाई, पास्कालीची कीव, सगळं. पिल्लू अर्ध्या खोडावर पोचलं होतं आणि दम खात होतं. आई वरून त्याच्याकडे बघत होती, मदत मात्र करत नव्हती.

मागून हेल्वी पुढे झुकली. तिला स्वाहिली येत नव्हती, पण खरखरणारा वायरलेस, माइक आणि दोघांची तोंडं यांतून तिला पुरेसं कळलं असावं. "त्यांना सांगावंच लागतं का?" तिने हळू विचारलं.

तारिमोने बटण दाबलं.

"उतरली," तो म्हणाला. "उतरली आणि पळाली. माझ्या गाडीत पारे बसलाय ना. तिला वाटलं, समन्स घेऊन आलाय."

 वायरलेसवर हशा फुटला. लेकिशोन हसताना खोकू लागला, पास्काली म्हणाला, "बिचारा, हसतोय तरी," आणि सगळं रान पुन्हा सिंहांकडे वळलं.

सिफुएली तोंड उघडं ठेवून बसला होता. ओळख झाल्यापासून त्याच्यापाशी उत्तर नाही, असं आज पहिल्यांदाच घडत होतं.

"लगेच सुचलं तुला," शेवटी तो म्हणाला.

"राग आला असेल तर सांग. बोकड कुठला घ्यायचा ते ठरवू."

"राग कसला," सिफुएली म्हणाला, आणि पिल्लू फांदीवर पोचेपर्यंत ट्रे मांडीवर धरून बघत राहिला.

ते कितीतरी वेळ तिथे थांबले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बहिणींनीच मान हलवली.

नाबीच्या गेटाशी टपरीभोवती ड्रायव्हरांची नेहमीची गर्दी होती. तिथे फोनला रेंज येते, म्हणून हेल्वी उतरल्याबरोबर कानाला फोन लावून लांब टेकडीकडे गेली. बराच वेळ हातवारे करत बोलत होती. तिला इतकं बोलता येतं हे तारिमोला माहीत नव्हतं. तिचं बोलणं संपलं आणि तारिमोचा फोन वाजला. मांकाची आई.

"तारिमोभाऊ, त्या बाई काय सांगतायत? बिबट्या, पिल्लू, आणि जवळपास एकही गाडी नाही? ऐन गर्दीच्या जुलैत?"

तारिमोच्या दोन्ही बाजूंना ड्रायव्हर उभे होते. सगळ्यांचे कान फोनकडे होते; व्हॅनची गोष्ट सामायिक स्वयंपाकघरातून तोवर सगळ्यांना कळली होती. "हो," तो म्हणाला.

"गर्दी टाळणारा असा ड्रायव्हर कुठे मिळाला, विचारत होत्या. त्यांच्या गावात पक्षी बघणाऱ्यांचं मंडळ आहे. सगळ्यांना तुमचीच गाडी हवी. सप्टेंबरात अर्धे, ऑक्टोबरात अर्धे. कसं जमवलंत हे?"

"आता इथे कसं सांगू," तारिमो म्हणाला.

"बरं, येऊन सांगा. व्हॅन जस्टोकडेच ठेवते. तुम्ही आता सेरेंगेटी सोडायचं नाही, कळलं?"

त्याच्या ओठांचे कोपरे आपोआप वर निघाले होते. सिफुएलीने मागून त्याच्या पोटरीवर लाथ मारली. तारिमोने कोपरे खाली आणले. "कळलं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "जशी तुमची मर्जी." आणि फोन खिशात टाकला.

 लेकिशोनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काढलं?"

तारिमोला खोटं बोलण्याचा सराव नव्हता. आजचं एक आधीच खर्ची पडलं होतं. त्याने नुसता उसासा सोडला.

"व्हॅन?"

"व्हॅनबद्दल बोलत होत्या," तारिमो म्हणाला. हे खरंच होतं.

टपरीवाल्याला कुणीतरी खूण केली. पास्कालीने स्वतः बटाटे घातलेलं अंड्याचं ऑम्लेट भरलेली ताटली आणून तारिमोच्या हातात दिली, वर थंड सोडा. लेकिशोन म्हणाला, विमानतळावरचे संडास फार स्वच्छ असतात. आणखी एकाने आपल्या पाद्र्याचा नंबर देऊ केला. सैतान उतरवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही म्हणे. तारिमो खाली मान घालून खात होता. बिबट्याच्या नादात सकाळी न्याहारी राहिली होती आणि त्याला कडकडून भूक लागली होती.

"हळू खा," सिफुएली त्याच्या कानाशी म्हणाला. "दुःखातला माणूस असं हाणत नाही."

पास्काली त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. "भावा, त्या डोहाचं मीच सांगितलं होतं. मला माफ कर. तुझ्या पोटावर पाय येईल असं वाटलं नव्हतं." तो थोडा थांबला, बाकीच्यांकडे बघून घेतलं. "आमचं ठरलंय. मालकिणीने तुला आणखी एखादी खेप दिलीच, तर वायरलेसवर विचार. बिबट्या कुठे आहे ते आम्ही खरंखरं सांगू. तू आलास की आम्ही सगळे निघून जाऊ, मग उतरू दे नाहीतर काही होऊ दे, आमच्या पाहुण्यांचं नुकसान नाही. एवढं तरी आम्ही तुझ्यासाठी करूच."

तारिमोचे खांदे हलू लागले. पास्कालीला वाटलं तो रडतोय. त्याने तारिमोच्या पाठीवरून हात फिरवला आणि टपरीवाल्याला आणखी एक सोडा आणायला सांगितलं.